गाबारवरची मागणी

पाहुणे जिझरेहून निघाल्याचा फोन येऊन गेला, तरी शेमदीन अजून बनियनवरच बसून टीव्हीशी भांडत होते.

"खोटं! साफ खोटं! गाबारच्या डोंगरात तेल नाही."

पडद्यावरच्या बाईला त्याचं काही नव्हतं. देशात निघणाऱ्या तेलाने याही महिन्यात मागचा उच्चांक मोडला, त्यात मोठा वाटा गाबारचा, असं ती हसतमुखाने सांगत होती. तिच्या मागे डोंगर होता, मनोरे होते आणि वळणावळणाने उतरणारी टँकरची रांग होती.

"बाबा, सदरा घाला," नेर्गिझ इस्त्रीचा सदरा पुढे धरून म्हणाली. "तुमची नात त्याच डोंगरावर इंजिनियर आहे. तेल नसेल तर ती वर काय शेळ्या राखते?"

"पगार सरकार देतं. सरकार कशाचाही पगार देतं."

"आणि टँकर?"

"आपल्या रामानच्या विहिरींचं तेल आहे ते! इथून अंधारात वर नेतात आणि उजाडल्यावर खाली आणतात. फोटो काढायला."

नेर्गिझने सदरा त्यांच्या डोक्यातून घातला आणि लहान मुलाला घालावा तसा खाली ओढला. ही टँकरची गोष्ट बातमान शहरातल्या चहाच्या दुकानांत आता सगळ्यांना पाठ झाली होती. लोक मुद्दाम शेमदीनना खुर्ची देत, चहा मागवत आणि विचारत, "काका, गाबारचं काय म्हणता?" मग तासभर करमणूक व्हायची.

पण शेमदीन करमणूक म्हणून बोलत नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी, रामानच्या तेलक्षेत्रावर त्यांच्या हाताखाली टोळी असताना, त्यांनाच गाबारवर पाठवलं होतं. त्यांनी विहीर खणली, ती कोरडी निघाली, तोंड बुजवून ते परत आले. त्यांचा जिवलग दोस्त उमेर तेवढा म्हणत राहिला की अजून थोडं खोल जायला हवं होतं. शब्दाला शब्द वाढला. उमेर म्हणाला, तू घाबरट आहेस. शेमदीन म्हणाले, तू गाढव आहेस. त्या दिवसापासून एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलं नाही. पुढे लढाईपायी कितीतरी वर्षं तो डोंगर सगळ्यांनाच बंद झाला, गावंही रिकामी झाली, आणि कोण खरं ते ठरायचं राहूनच गेलं.

आणि आता नेर्गिझची झेलाल त्याच डोंगरावर काम करत होती. तिथल्या छावणीतल्या कुत्र्यांना टोचायला येणाऱ्या रेबर नावाच्या जनावरांच्या डॉक्टरवर तिचा जीव जडला होता. पोरगा शांत, देखणा, हाताला गुण असलेला. फक्त उमेरचा नातू निघाला.

"जगात मुलगे काय संपले होते?" शेमदीन तेव्हा ओरडले होते. पाहुण्यांना घरात घ्यायला त्यांना राजी करण्यात नेर्गिझचा अख्खा हिवाळा गेला होता.

स्वयंपाकघरात जेमील, तिचा धाकटा भाऊ, भरलेल्या द्राक्षपानांच्या परातीतून एकेक उचलत होता. तेलावरच्या छावण्यांना बूट, हातमोजे, हेल्मेटं पुरवायचा त्याचा धंदा. देशाचं तेल वाढलं तसं जेमीलचं पोटही वाढलं होतं.

"हात बाजूला घे," नेर्गिझ म्हणाली.

"ताई, एक विचारू? सेव्रेबाईंना जो शब्द दिलायस, तो झेलालला सांगितलास का?"

नेर्गिझने परातीवर झाकण ठेवलं. सेव्रे म्हणजे रेबरची आई. दोघी विहिणी होऊ घातलेल्या, फोनवर रोज बोलायच्या आणि दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं: लग्न झालं की ईदनंतर झेलालने डोंगर सोडायचा आणि इथे बातमानच्या कचेरीत टेबलाचं काम घ्यायचं. सूनबाई संध्याकाळी घरी. सगळे सुखी.

"मागणी होऊ दे. मग सांगते."

"ती ऐकेल?"

"मी तिची आई आहे."

"तेच म्हणतोय. ती तुझीच मुलगी आहे," जेमील म्हणाला आणि हातातलं पान तोंडात टाकून पळाला.

तेवढ्यात नेर्गिझचा फोन वाजला. पडद्यावर झेलाल. डोक्यावर हेल्मेट, गालावर काळा पट्टा, मागे काहीतरी घरघरतंय.

"आई, ऐक, ओरडू नकोस."

"तू अजून निघाली नाहीस?"

"नवी विहीर आजच उघडायची ठरलीय. काल ठरलं नव्हतं, आज ठरलं. माझी विहीर आहे आई, पहिल्या दिवसापासून मीच आहे तिच्यावर. मी नसताना कशी उघडतील?"

"आज तुला मागायला येतायत!"

"मग मागू देत की. मी 'हो' म्हणते असं सांग. कॉफी तू कर, तुझी जास्त चांगली होते." आणि फोन बंद.

नेर्गिझ फोनकडे बघत राहिली. नवरी मुलगी नसताना मागणी! हालेफ असता तर हसला असता. नवऱ्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण अशा वेळी तो हसून सगळं सोपं करायचा हे तिला अजून आठवायचं.

दाराची घंटा वाजली.

पुढे फुलांचा मोठा गुच्छ होता आणि गुच्छामागे रेबर. त्याच्या मागे चांदीच्या तबकात चॉकलेट घेतलेली सेव्रे, गोल चेहऱ्याची, नवा मखमली झगा सळसळवत. आणि सगळ्यात मागे, काठी टेकत जिना चढून धापा टाकणारे उमेर.

शेमदीन दारात उभे राहिले. दोघे म्हातारे एकमेकांना न्याहाळत राहिले.

"केस गेले तुझे," शेमदीन म्हणाले.

"दात गेले तुझे," उमेर म्हणाले.

"आत ये. थंडी आत येतेय."

बाहेर वसंतातलं स्वच्छ ऊन होतं, पण कोणी काही बोललं नाही. नेर्गिझने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

चहा झाला. बकलावा झाला. रस्ते, हवापाणी, मेंढ्यांचे रोग, सगळं बोलून झालं. सेव्रेची नजर दर मिनिटाला स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"नेर्गिझबाई, आमची मुलगी लाजतेय का? बाहेर बोलवा ना तिला."

नेर्गिझने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा केला. "ती… वर आहे."

"गच्चीवर?"

"गाबारवर."

क्षणभर कोणालाच कळेना की हसायचं की रागवायचं. सेव्रेच्या भुवया वर गेल्या. जेमील खोकला. रेबर मात्र खाली बघून हसू दाबत होता. त्याला आधीच माहीत होतं, हे नेर्गिझने ओळखलं.

"विहीर उघडायचीय म्हणे आज," ती घाईघाईने म्हणाली. "नाहीतर ती अशी करणारी नाही."

"तिथे कसली विहीर," शेमदीन पुटपुटले.

उमेरनी पेला खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"काही नाही."

"नाही, बोल. पन्नास वर्षं मी तुझ्या तोंडून ऐकायला जगलोय. अजून म्हणतोस तेल नाही?"

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मानत नाही."

"मग चल!" उमेर काठी आपटून उभे राहिले. त्या काठीने मघाशी त्यांना जिना चढवला होता, आता ती तलवारीसारखी हवेत होती. "मुलगी जिथे असेल तिथे जाऊन मागतात. मुलगी डोंगरावर आहे ना? डोंगरावर जाऊ! तिथेच मागतो आणि तिथेच तुला तेल दाखवतो."

"बाबा, तिथवर दोन-अडीच तास लागतात," सेव्रे म्हणाली.

"मी पन्नास वर्षं थांबलोय!"

नेर्गिझने जेमीलकडे पाहिलं. जेमीलच्या हातात गाडीची किल्ली आधीच होती. "माल पोचवायचाच होता मला वरती," तो म्हणाला. "बूट आहेत. थोडे सरकवावे लागतील."

गाडीत बुटांच्या खोक्यांचा नव्या रबरासारखा वास भरला होता. म्हातारे मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये द्राक्षपानांची परात, सीमेसारखी. पुढे रेबर आणि जेमील. मधे दोघी होणाऱ्या विहिणी, मांडीवर बकलावाचे डबे.

"विहीणबाई," सेव्रे कानाशी कुजबुजली, "हे असंच चालणार असेल तर कसं व्हायचं? उद्या बाळ झालं तरी विहीर उघडायला पळेल."

"ईदनंतर खाली येईल. शब्द दिलाय ना मी."

"हो, पण पोरीला पटलंय ना?"

"पटेल," नेर्गिझ म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तिला सेव्रेचं म्हणणं पटत होतं, नुसतं तोंडदेखलं नाही. ती अशाच घरात वाढली होती. बाबा पंधरवड्यातून एकदा रामानवरून उतरायचे, तेलाच्या वासाचे, मातीच्या रंगाचे. आले की झोपायचे. आई ओठांवर बोट ठेवून सांगायची, गप्प, बाबा झोपलेत. जागे व्हायचे तोवर परत जायची वेळ झालेली असायची. मोटार वळणाआड गेली की आई तशीच दारात उभी राहायची, हातातलं फडकं न पिळता. नेर्गिझने तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या घरात कोणी असं वाट बघत उभं राहणार नाही. तर पोटची पोरगीच निघाली तेलावर.

समोरून टँकर उतरू लागले. एक गेला, मागून दुसरा, मग रांगच.

"रिकामे आहेत," शेमदीन म्हणाले.

"टायर बघ जरा! जमिनीला टेकलेत. रिकामा टँकर असा उतरतो? तो उड्या मारत जातो."

"मग वर चाललेले भरलेले असतील."

तेवढ्यात वर चढणारा एक टँकर खड्ड्यावरून असा उडाला की त्याचा मागचा साखळदंड खणखणला. रेबरचे खांदे हलू लागले. जेमीलने आरशातून मागे पाहून विचारलं, "बाबा, हा कोणता? भरलेला की रिकामा?"

"तू पुढे बघ," शेमदीन कडाडले. "आणि ही परात इकडे सरकव. सगळी पानं हाच खातोय."

"मी कुठे! चार खाल्ली."

"तुला कायम मोजता येत नव्हतं."

मग थोड्या वेळाने नेर्गिझने हळूच वळून पाहिलं, तर दोघेही एकाच परातीतून खात होते, एकमेकांकडे न बघता.

फाटकावर पहारेकऱ्याने ओळखपत्रं तपासली, फुलांचा गुच्छ पाहून तो गोंधळला, मग फोन केला, मग हसला. विहिरीजवळ कोणाला सोडता येणार नाही, पण खालच्या छावणीच्या भोजनालयापर्यंत जा म्हणाला. शेमदीननी निवृत्तीचं जुनं कार्ड काढून दाखवलं तेव्हा त्याने उभं राहून हात छातीला लावला. शेमदीनची मान थोडी ताठ झाली.

भोजनालय म्हणजे पत्र्याची लांब खोली आणि पुढे लाकडी ओसरी. ओसरीवरून दरीपलीकडे मनोरा दिसत होता. झेलाल खालून धावत आली. निळा एकसंध पोशाख, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काचेची छोटी बाटली.

"तुम्ही सगळे इथे!" ती हसत सुटली. तिने आजोबांचा हात घेऊन कपाळाला लावला, मग उमेरचा, मग सेव्रेचा. सेव्रेने नव्या मखमलीला चिखल लागेल म्हणून आधी अंग चोरलं, आणि मग नाहीच राहवलं, तिने पोरीला मिठीच मारली.

"ही काय दशा करून घेतलीस गं," ती म्हणाली.

"उघडायला अजून थोडा वेळ आहे. बसा ना. आचारी कॉफी करतोय."

"बसणार नाही," शेमदीन म्हणाले. "आधी तेल."

झेलालने बाटली पुढे केली. "हे पलीकडच्या विहिरीचं, आजोबा. सकाळीच काढलंय."

शेमदीननी बूच काढलं. वास घेतला. दोन थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळले. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. भोजनालयातले कामगारही हातातले घास थांबवून बघत होते. म्हाताऱ्याने पुन्हा चोळलं. पुन्हा वास घेतला. मग ते हळूच बाकावर बसले.

"रामानचं काकवीसारखं असतं," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "थंडीत बादली उलटी केली तरी पडत नाही. हे… हे पळतंय."

"म्हणजे?" उमेरनी विचारलं. त्यांचा आवाज चढायला लागला होता.

"म्हणजे हे रामानचं नाही."

"मग कुठलं आहे? स्पष्ट बोल!"

"गाबारचं आहे, गाढवा! गाबारचं!"

उमेरनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. "ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत? मी म्हणत होतो, अजून थोडं खोल जाऊ! थोडंसंच!"

"थोडंसं!" शेमदीन उसळले. "झेलाल, सांग याला, किती खोल लागलं तेल?"

"तुम्ही गेला होतात त्याच्या दुपटीहून जास्त."

"आणि आमची विहीर कुठे होती?"

"इथून दोन डोंगरसोंडा पलीकडे. तिथे आम्हीही पाहिलं. तिथे खरंच काही नाही, आजोबा. कितीही खोल गेलं तरी."

"बघ! कितीही खोल!"

"पण डोंगरात तेल होतं!"

"दोघंही चुकला होतात," झेलाल शांतपणे म्हणाली. "एक म्हणत होते डोंगरात नाही, ते चूक. दुसरे म्हणत होते त्याच जागी खाली आहे, तेही चूक."

दोघे म्हातारे एकदम तिच्याकडे वळले.

"ही पोर मोठ्यांशी कशी बोलते रे?" उमेरनी विचारलं.

"आईवर गेलीय," शेमदीन म्हणाले. "आम्ही असे नव्हतो."

"आपल्या वेळी इंजिनियर असे तोंड वर करून बोलायचे का?"

"हिंमत नव्हती त्यांची!"

आणि दोघे एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून, तिच्याविरुद्ध एक होऊन बसले. जेमीलने नेर्गिझला कोपराने ढोसलं. तिला हसू आवरेना.

मग मागणी झाली. कामगारांनी ताटं बाजूला सारली, कोणीतरी रेडिओ बंद केला. उमेरनी घसा खाकरला. अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने, ते म्हणाले, तुमची झेलाल आमच्या रेबरसाठी मागायला आलो आहोत. त्यांचा आवाज मधेच कापला आणि त्यांना ते आवडलं नाही, म्हणून शेवटचे शब्द ते उगाच मोठ्याने बोलले.

शेमदीन उत्तर देणार, इतक्यात आनंदाने भरून आलेली सेव्रे बोलून गेली, "आणि काका, काळजीचं काही नाही. नेर्गिझबाईंचं नि माझं ठरलंय. ईदनंतर आमची सून डोंगर सोडून बातमानच्या कचेरीत बसणार. रोज संध्याकाळी घरी!"

झेलाल गर्रकन वळली.

"कोणी ठरवलं?" झेलालने विचारलं. सेव्रेला नाही, नेर्गिझला.

नेर्गिझने हे असं, पंचवीस परक्या माणसांपुढे, बुटांवर चिखल असलेल्या पोरीच्या डोळ्यांत बघून सांगायचं असं कधी ठरवलंच नव्हतं. "मी म्हटलं… तुझ्याशी बोलणारच होते. तुझ्या भल्यासाठीच…"

"आई, मला विचारलंस?"

झेलालच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. झेलालबाई, तयार आहोत. तुमच्यासाठी थांबलोय.

तिने आईकडे पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण तिने हेल्मेटचा पट्टा लावला. "मी येईपर्यंत कोणी काही ठरवू नका," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

रेबर उठून तिच्या मागे दोन पावलं गेला आणि ओसरीच्या कठड्याशी थांबला. मग सगळेच तिथे जाऊन उभे राहिले.

दरीपलीकडे माणसं बोटाएवढी दिसत होती. झेलालचं पांढरं हेल्मेट त्यांच्यात मिसळलं आणि तरी वेगळं दिसत राहिलं, कारण बाकी सगळी हेल्मेटं तिच्याकडे वळलेली होती. तिने हात वर केला. ती सगळी माणसं, तिच्या बापाच्या वयाचीसुद्धा, तशीच थांबली. हात खाली आला.

काहीच झालं नाही.

"गाळ येतोय आधी," शेमदीन कुजबुजले. त्यांनी कठडा घट्ट धरला होता. "आधी गाळ येतो. मग पाणी. मग वायू, आणि त्यामागून तेल."

"माहितेय मला," उमेर कुजबुजले. "बोलू नकोस."

बराच वेळ काही झालं नाही. सेव्रेने नकळत नेर्गिझचा हात धरला. लागू दे, नेर्गिझ मनात म्हणाली, आणि स्वतःशीच चकित झाली. लागलं नाही तर पोर खाली येईल, हा विचार तिला शिवलाही नव्हता.

मग आधी आवाज आला, खोल, दरीतून फिरून येणारा, आणि दूरच्या नळकांड्याच्या टोकाला वर आलेल्या वायूची ज्योत फुलली, भर उन्हातही नारिंगी, झाडाएवढी उंच. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. भोजनालयातले कामगार ओरडू लागले, आचारी डाव घेऊन बाहेर आला. दोघे म्हातारे एकमेकांचे खांदे धरून उभे होते, आणि दोघांपैकी कोण रडतंय हे कळत नव्हतं, कारण दोघेही तोंड लपवत होते.

झेलाल नाचली नाही. ती एका नळाशी वाकली, त्यावर हात ठेवला, मग कोणाला तरी काही सांगितलं, आणि पुन्हा हात ठेवला. नेर्गिझला ते वाकणं ओळखीचं वाटलं. झेलालच्या लहानपणी ताप आला की ती स्वतः अशीच वाकायची.

इतकी वर्षं तिला वाटायचं, डोंगरावर काहीतरी आहे जे माणसं ओढून नेतं आणि दमवून परत पाठवतं. तिथे कोणी सुखात असेल, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. ती मुळात कधी गेलीच नव्हती. तेलावरच्या माणसाची मुलगी, तेलावरच्या पोरीची आई, आणि विहीर म्हणून काय असते ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

झेलाल परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळे शिंतोडे होते आणि दात तेवढे पांढरे चमकत होते. पायरीवर आल्यावर तिला मघाचं आठवलं असावं. हसू मावळलं.

नेर्गिझ पुढे झाली.

"सेव्रेबाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो शब्द मी दिला होता. माझ्या मुलीचा नव्हता, माझा होता. तो मी परत घेते. तुम्हाला राग येईल. येऊ दे. ही इथून हलणार नाही, आणि हिला हलवायला मी मदत करणार नाही."

सेव्रेचा चेहरा लाल झाला. "म्हणजे? इतके दिवस फोनवर…"

"इतके दिवस मी काही पाहिलंच नव्हतं."

"आणि माझा मुलगा? तो जिझरेत वाट बघत बसणार?"

"नाही, आई," रेबर म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले. "मी खालच्या गावात जागा बघितलीय. लोक परत यायला लागलेत, मेंढ्या आल्यात, डॉक्टर कोणी नाही. दवाखाना तिथेच काढतो. संध्याकाळी ही खाली उतरेल, मी चहा टाकेन."

सेव्रे बघतच राहिली. "कधी बघितलीस जागा?"

"बर्फ वितळल्यावर."

"अरे देवा," सेव्रे बाकावर बसली. "मुलगी मागायला आले होते, मुलगा देऊन चालले!"

पहिला हसला तो आचारी. मग सगळी ओसरी हसली, आणि हसता हसता सेव्रेने मखमलीच्या बाहीने डोळे पुसले. "पण शुक्रवारी जेवायला माझ्याकडे," ती झेलालला बोट दाखवून म्हणाली. "विहीर असो नाहीतर समुद्र असो. आणि येताना अंघोळ करून ये."

"येईन," झेलाल म्हणाली. "दर शुक्रवारी. ड्यूटी नसेल त्या."

"ड्यूटी नसेल त्या! ऐकलंत विहीणबाई?"

"तुमचीच सून आहे आता," नेर्गिझ म्हणाली. "निस्तरा."

शेमदीननी काठी मागितली, म्हणजे उमेरचीच, आणि ती जमिनीवर टेकून उभे राहिले. "दिली," ते म्हणाले. "अल्ला दोघांना एका उशीवर म्हातारं करो."

कॉफी आली. नवऱ्या मुलाच्या कपात मीठ घालायची रीत, ते आचाऱ्याने हात सैल सोडून घातलं होतं, आणि गडबडीत तो कप गेला उमेरकडे. त्यांनी घोट घेतला. डोळे मोठे झाले. शेमदीन टक लावून बघत होते.

"कशी झालीय?" शेमदीननी विचारलं.

"फक्कड," उमेर म्हणाले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

उन्हं कलायला लागली तेव्हा झेलाल आईजवळ येऊन बसली. नेर्गिझने विचारलं, "मला जवळून बघता येईल?"

झेलालने तिच्याकडे नीट पाहिलं, चेष्टा करतेय का म्हणून. मग ती छावणीप्रमुखांकडे गेली. ते आधी नाही म्हणाले, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, आता दाब स्थिर आहे, दोघांनाच, कुंपणाच्या आत पाच मिनिटं. जेमीलने खोक्यांतून दोन जोड बूट काढले. नेर्गिझच्या डोक्यावरचा रेशमी रुमाल हेल्मेटखाली दबला, झग्याचा घेर तिने कमरेला खोचला. दुसरं हेल्मेट शेमदीननी स्वतःच घातलं, पट्टा न बघता लावला.

विहीर लहान होती. लोखंडी चाकं, नळ, बोल्ट. माणसाहून थोडी उंच. एवढ्याशासाठी ते सगळं? जमीन पायाखाली बारीक थरथरत होती. झेलालने तिचा हात धरून एका नळाजवळ नेला. "इथे ठेव. भिऊ नकोस."

नेर्गिझने तळवा टेकवला आणि दचकून मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. लोखंड गरम होतं, जिवंत माणसाच्या अंगाहून गरम, आणि आतून काहीतरी सळसळत धावत होतं.

"बाबा," ती म्हणाली. ज्योतीच्या आवाजात तिला ओरडावं लागलं. "हे गरम असतं! तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ते गरम येतं म्हणून!"

शेमदीननी तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. त्यांची बोटं सुरकुतलेली होती, दोन नखं कधीचीच गेलेली.

"घरी पोचेपर्यंत गार झालेलं असायचं गं," ते म्हणाले.